बचावफळीतला माणूस

फुटबॉलमध्ये बचावपटूच्या वाट्याला कौतुक तसे कमीच येते. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी वाया घालवून अकराव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. बचावपटूने दहा हल्ले परतवले आणि अकराव्या वेळी त्याचा पाय चुकला, तर ती एक चूकच तेवढी लोकांच्या लक्षात राहते. मी डाव्या बगलेला बचावपटू म्हणून खेळतो, तेव्हा हे अनुभवाने सांगतो आहे. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलची ईर्षा पेठापेठांत आणि तालमीतालमींत मुरलेली. आमच्या गल्लीतले पोर नीट चालायला लागण्याआधी चेंडूला लाथ मारते, असे आजोबा म्हणत.

२०१९ साली क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मी तेव्हा शाळेत होतो. हे गृहस्थ कोण, कुठले, म्हणून मिळेल ते वाचत असताना एका जुन्या भांडणाची हकीकत हाती लागली. ८ मे १९९१. बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना चालू होता. हायडुक स्प्लिटकडून स्टिमॅक खेळत होते आणि रेड स्टारकडून सिनिशा मिहाइलोविच. दोघांची जुंपली आणि पंचांनी दोघांनाही लाल कार्ड दाखवून बाहेर काढले. पुढे वीस वर्षे हे वैर टिकले. आपल्या प्रशिक्षकाचा हा वैरी कोण, अशा रागानेच मी मिहाइलोविचचा शोध घेऊ लागलो. आणि पाहता पाहता त्या वैऱ्याच्याच नादी लागलो!

मिहाइलोविचचा जन्म २० फेब्रुवारी १९६९ रोजी वुकोवार येथे झाला. डॅन्यूबकाठचे हे गाव आज क्रोएशियात आहे. तेव्हा ते युगोस्लाव्हियात होते. जवळच्या बोरोवोत तो वाढला. वडील सर्ब, ट्रक चालवणारे. आई क्रोएट, बोरोवोच्या बुटांच्या कारखान्यात कामाला. त्या घरात दोन जाती एका ताटात जेवत होत्या आणि त्यात कुणाला नवल वाटत नव्हते. मुलाच्या डाव्या पायात मात्र देवाने काही वेगळेच घातले होते. तो नोव्ही सादच्या वोयवोदिना संघात गेला आणि १९८९ मध्ये तो संघ युगोस्लाव्हियाचा विजेता झाला. मग रेड स्टार. त्या संघात सर्ब होते, मॉन्टेनेग्रिन होते, मॅसेडोनियन होते, प्रोसिनेच्कीसारखा क्रोएट वळणाचा खेळाडू होता आणि रुमानियाहून आलेला बेलोदेदिचही होता. देश फुटत होता आणि हे अकराजण चेंडू एकमेकांकडे देत होते.

१९९१ चा तो एक मे महिना पाहा. २ मे रोजी मिहाइलोविचच्या घराला लागून असलेल्या बोरोवो सेलो गावात गोळीबार झाला आणि १२ क्रोएट पोलीस मारले गेले. ८ मे रोजी तो चषकाचा सामना आणि ती दोन लाल कार्डे. २९ मे रोजी इटलीतल्या बारी येथे युरोपियन चषकाचा अंतिम सामना. समोर मार्सेयचा संघ. १२० मिनिटांत एकही गोल नाही, मग पेनल्टी. रेड स्टारची चौथी पेनल्टी मिहाइलोविचची. अवघ्या बावीस वर्षांचा मुलगा, गावी बंदुका निघालेल्या, आईवडील तिथेच. आणि त्याने चेंडू जाळ्यात घातला. रेड स्टारने पेनल्ट्यांत ५-३ असा विजय मिळवला. मोबाइलवर तो क्षण मी कितीदा पाहिला असेल! प्रत्येक वेळी मला वाटते, याचा पाय कापला कसा नाही?

पुढच्या ऑगस्टात वुकोवारला वेढा पडला. ८७ दिवसांनी, १८ नोव्हेंबरला शहर पडले तेव्हा धड भिंत म्हणून उरली नव्हती. मिहाइलोविचचे घरही गेले. त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे, की आईवडिलांना वेळीच निघून जायला सांगणारा आणि नंतर स्वतःचा जीव राखण्यासाठी त्याच घरावर हत्यार चालवणारा माणूस एकच होता; त्याचा लहानपणीचा क्रोएट मित्र. वर्षांनंतर भेट झाली तेव्हा मिहाइलोविचने त्याचे आभार मानले. घर पडले, पण आईवडील वाचले, हा हिशेब त्याला कळला होता. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. आपल्या घरावर चालून आलेल्या मित्राचे आभार मानायचे, हे कोणत्या शाळेत शिकवतात?

१९९२ च्या युरोपियन स्पर्धेतून युगोस्लाव्हियाला संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे ऐनवेळी वगळण्यात आले. त्याच वर्षी मिहाइलोविच इटलीत गेला. रोमा, सांपदोरिया, लाझिओ आणि शेवटी इंटर अशी चौदा वर्षे त्याने तिथे काढली. सांपदोरियात स्वेन-योरान एरिकसन यांनी त्याला बचावफळीच्या मधोमध आणले. तिथून तो पुढे येई तो फ्री किक मारायला. चेंडू ठेवायचा, चार पावले मागे जायचे, आणि मग गोलरक्षकाला चेंडू दिसायचा तो जाळ्यातच! १३ डिसेंबर १९९८ रोजी लाझिओकडून त्याने आपल्या जुन्या सांपदोरियाविरुद्ध एकाच सामन्यात फ्री किकवर तीन गोल केले. इटलीच्या पहिल्या श्रेणीत फ्री किकवर त्याचे २८ गोल आहेत. २००० मध्ये लाझिओला अजिंक्यपद मिळाले त्यातही त्याचा वाटा होता. बचावपटूचे कौतुक होत नाही, असे मी आरंभी म्हटले. पण याने ते भाग पाडले.

इथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण ज्याच्यावर जीव जडला त्याचे दोष झाकायचे, ही मैत्री नव्हे, भाटगिरी झाली. जानेवारी २००० मध्ये अर्कान नावाचा निमलष्करी टोळीचा म्होरक्या बेलग्रेडमध्ये मारला गेला. युद्धातल्या अत्याचारांबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याच्यावर आरोप ठेवले होते. मिहाइलोविचने त्याच्यासाठी वृत्तपत्रात श्रद्धांजली छापली. वेढ्याच्या काळात त्या माणसाने आपल्या क्रोएट मामाला जिवंत सोडले होते, असे तो सांगे. ऋण खरे असेल. पण ज्यांचे मामा सुटले नाहीत त्यांनी ती श्रद्धांजली कशी वाचावी? २००३ मध्ये चेल्सीविरुद्धच्या सामन्यात तो आद्रियन मुटूवर थुंकला आणि आठ सामन्यांसाठी बाहेर बसला. त्याआधी ऑक्टोबर २००० मध्ये आर्सेनलच्या पॅट्रिक व्हिएराला त्याने कातडीच्या रंगावरून शिवी दिली होती. त्यानेही आपल्याला तसेच डिवचले, असे मिहाइलोविचचे म्हणणे होते. पण त्यानंतर एक गोष्ट घडली. पुढच्या घरच्या सामन्यापूर्वी तो रोमच्या मैदानात हाती ध्वनिक्षेपक घेऊन उभा राहिला आणि आपल्याच प्रेक्षकांसमोर त्याने आपली चूक कबूल करून माफी मागितली.

आता माझी गोष्ट सांगणे भाग आहे. गेल्या जानेवारीत आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर आंतरवर्गीय सामना झाला. दुसऱ्या वर्गाचा आघाडीचा खेळाडू मला तीनदा चकवून गेला. तिसऱ्यांदा गोल झाला आणि माझे वर्गमित्र हसले. मी त्या मुलाजवळ जाऊन तो जिथे राहतो त्या वस्तीचे नाव घेतले आणि त्यापुढे एक शब्द बोललो. तो शब्द मी येथे लिहीत नाही. त्याने उलट शब्द काढला नाही. नुसते पाहिले आणि तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला. पंचांनी ऐकले नव्हते, म्हणून मला कार्ड मिळाले नाही. चार दिवसांनी कँटीनमध्ये मी त्याला गाठले आणि आजूबाजूला कोणी नाहीसे पाहून “सॉरी रे,” म्हणालो. “राहू दे,” तो म्हणाला आणि चहाचे पैसे देऊन निघून गेला.

मिहाइलोविच पुढे प्रशिक्षक झाला. बोलोन्या, कातानिया, फिओरेन्तिना, सर्बियाचा राष्ट्रीय संघ, सांपदोरिया, मिलान, तोरिनो, बिऱ्हाड पाठीवरच! २०१८ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंगने तर नेमणुकीनंतर नऊ दिवसांतच त्याला नारळ दिला. स्वभाव तापट आणि शिस्त कडक. राष्ट्रगीत म्हणत नाही म्हणून २०१२ मध्ये त्याने आदेम ल्यायिच या गुणी मुलाला सर्बियाच्या संघातून घरी पाठवले. ल्यायिच मुसलमान, ते गीत त्याच्या ओठांवर का येत नसेल, हे दोन जातींच्या घरात वाढलेल्या माणसाला कळायला हवे होते, असे मला आजही वाटते. पण चार वर्षांनी तोच ल्यायिच तोरिनोत त्याच्याच हाताखाली खेळला. मिलानमध्ये २०१५ साली त्याने अवघ्या सोळा वर्षांच्या डोन्नारुम्माला गोलात उभे केले. तो मुलगा पुढे २०२१ मध्ये इटलीकडून युरोपियन अजिंक्यपद जिंकला. आणि मार्च २०१३ मध्ये झाग्रेबला क्रोएशिया-सर्बिया सामना झाला, तेव्हा एका संघाचे प्रशिक्षक स्टिमॅक होते आणि दुसऱ्याचा मिहाइलोविच. सर्बिया ०-२ अशी हरली. पण त्या दोघांनी सर्वांदेखत हात मिळवला. भांडण मैदानावर झाले होते, मिटलेही मैदानावरच.

जुलै २०१९ मध्ये, बोलोन्याचा प्रशिक्षक असताना, आपल्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे त्याने पत्रकारांना सांगितले. सांगताना रडला, आणि हे अश्रू भीतीचे नाहीत, असेही म्हणाला. ऑगस्टात मोसमाच्या पहिल्याच सामन्याला वेरोनात तो हजर! अंगावर मांस उरले नव्हते, डोक्यावर टोपी होती. पण रेषेपाशी उभा होता. इस्पितळाच्या खोलीतून तो पडद्यावर सराव पाही आणि सूचना देई. १५ सप्टेंबरला ब्रेशियात त्याचा संघ १-३ असा मागे होता. तिथून ४-३ असा जिंकला. परतताना खेळाडूंनी बस थेट इस्पितळाकडे वळवली आणि त्याच्या खिडकीखाली उभे राहून त्याच्या नावाचा गजर केला. ज्यांच्यावर तो रोज ओरडे, तेच हे खेळाडू. ते पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आजार उलटला. सप्टेंबर २०२२ मध्ये बोलोन्याने त्याला पदावरून दूर केले आणि १६ डिसेंबर २०२२ रोजी रोममध्ये तो गेला. वय त्रेपन्न.

तो थोर होता की वाईट, असे मित्र विचारतात. मला उत्तर देता येत नाही. ज्या माणसाचे गाव, घर आणि देश एका वर्षात हातचे गेले, तो उरलेले सारे दातओठ खाऊन राखत बसला; त्यात राखू नये तेही त्याने राखले. पण एक गोष्ट मी त्याच्याकडून घेतली आहे. जे चारचौघांत बोललो, त्याची माफी कानात मागून भागत नाही.

मी तो शब्द एकवीस खेळाडूंच्या देखत बोललो होतो. माझ्या हाती रोमच्या मैदानातला ध्वनिक्षेपक नाही. आपल्या महाविद्यालयाचा हा वार्षिक अंक आहे, आणि तो आपण सारेच वाचतो. म्हणून, मित्रा, तुझे नाव न घेता येथे लिहितो: त्या दिवशी तू मला तीनदा चकवलेस ते तुझे कसब होते, आणि मी जे बोललो ती माझी हार होती. माझे चुकले. येत्या जानेवारीत पुन्हा सामना आहे. मी डाव्या बगलेलाच असेन. ये, चौथ्यांदा चकवून जा.

— द्वितीय वर्ष, कला