डब्यातली पावडर आणि रोजची गोळी

सध्या आपल्या तालुक्यात एक शब्द घरोघरी पोचलाय, अँटिऑक्सिडंट. डब्यात भरून विकायला येतं. विकणारे बहुतेक ओळखीतलेच, त्यामुळे नाही म्हणायलाही अवघड जातं.

माझ्या ओळखीचे एक किराणा दुकानदार आहेत. त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा हळू वाढणारा कॅन्सर. सहा वर्षं रोज इमॅटिनिबची गोळी घेतात, दुकानही चालवतात. परवा विचारत होते, "दादा, गोळी बंद करून ही पावडर घेऊ का? कॅन्सर ऑक्सिडेशनने होतो म्हणे."

अर्धं खरं आहे, म्हणून तर हे खपतं. या आजारात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं, ते पेशीला सतत वाढायला लावतं. त्यात पेशीतले ऑक्सिजनचे उपद्रवी कण वाढतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हे कण डीएनए बिघडवतात, आणि त्यातल्याच एखाद्या बिघाडामुळे आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

पण नळ उघडा आहे तो बीसीआर-एबीएलचा. इमॅटिनिब तो नळच बंद करतं. पावडर फार तर फरशी पुसणार, आणि तेही सिद्ध झालेलं नाही. उलट 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांना उंदरांमध्ये अँटिऑक्सिडंटमुळे फुप्फुसाचा कॅन्सर जास्त वेगाने वाढलेला दिसला. गोळी मध्येच सोडली तर आजार परत डोकं वर काढू शकतो. काही वनौषधींमुळे रक्तातलं इमॅटिनिब कमी होतं, हेही माहीत असू द्या.

ही गोळी आपल्याला सहज मिळालेली नाही. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. त्या वेळी कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला लाखाच्या वर खर्च यायचा, भारतीय जेनेरिक दहा हजारांच्या आसपास. एवढी लढाई होऊन मिळालेलं औषध आपण डब्यापायी सोडायचं?

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. अशी जाहिरात दिसली तर फोटो काढा, अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. आणि गोळीबद्दल काहीही बदल करायचा असेल तर आधी आपल्या रक्ताच्या डॉक्टरांना विचारा, विक्रेत्याला नाही.

दुकानदार काकांची गोळी चालू आहे. तुमच्या ओळखीत कोणी अशा डब्याच्या नादी लागलं असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा.