चंद्रावरचा खेळ आणि गोदेचा पूर

नाशिकचा माणूस गोदावरीचा पूर मोजतो तो दुतोंड्या मारुतीवरून. पाणी मूर्तीच्या कमरेपर्यंत चढल्याची बातमी आली, की काठावरच्या वस्त्यांत आवराआवर सुरू होते. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ असे तीन मोठे पूर आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यांतल्या शेवटच्या पुराने आम्हाला मान खाली घालायला लावली.

त्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलेले होते आणि वर पाऊसही थांबत नव्हता. आमच्या मंडळाची सगळी माणसे धावली. कोणी टीव्ही उचलला, कोणी कपाट, कोणी धान्याची गोणी. दोन तुकड्या एकाच गल्लीत शिरल्या. मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या मावशी मात्र पलंगावर स्टूल ठेवून तीन तास बसून राहिल्या. त्यांना कोणीतरी काढलेच असेल, असे प्रत्येकाला वाटले. मावशी वाचल्या. बाहेर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "पोरांनो, तुम्ही इतके जण होता. मग माझ्याकडं यायचं कुणी होतं?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. माणसे कमी नव्हती, हिंमतही कमी नव्हती. एकत्र बसून नीट ठरवण्याची सवय तेवढी नव्हती.

तेव्हा आम्हाला कचेरीतल्या एका प्रशिक्षणात खेळलेला खेळ आठवला. जे हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो तयार केला. खेळ असा : तुमचे यान चंद्रावर ठरल्या जागेपासून सुमारे ३२० किलोमीटर दूर उतरले आहे. यान मोडले, १५ वस्तू शाबूत राहिल्या. ऑक्सिजनच्या टाक्या, पाणी, ताऱ्यांचा नकाशा, दोर, होकायंत्र, काडेपेटी वगैरे. चालत मुख्य यानापर्यंत पोहोचायचे, तर कोणती वस्तू सर्वांत गरजेची? १ ते १५ क्रम लावायचा. आधी प्रत्येकाने एकट्याने, मग सर्वांनी मिळून. शेवटी 'नासा'च्या तज्ज्ञांच्या क्रमाशी ताडून पाहायचे. जितका फरक, तितके चुकीचे गुण.

वर्षावासातल्या एका रविवारी ग्रंथवाचन आटोपल्यावर विहारातच आम्ही आठ जण बसलो. त्यांत अकरावीतली एक मुलगी होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. एकट्याने यादी लावून झाली आणि चर्चा सुरू झाली. आम्ही होकायंत्र तिसऱ्या क्रमांकावर धरले. ती मुलगी हळूच म्हणाली, "काका, चंद्राला पृथ्वीसारखं चुंबकत्व नाही. तिथं होकायंत्र चालायचं नाही." आम्ही म्हणालो, "बाळ, दिशाच कळली नाही तर जाणार कुठं?" उशीर होत होता, म्हणून हात वर करून मत घेतले. सात हात वर गेले. मुलगी गप्प बसली.

उत्तरे वाचली तेव्हा ऑक्सिजन पहिला, पाणी दुसरे आणि होकायंत्र चौदावे निघाले. हवाच नसल्यामुळे काडेपेटी शेवटी. चुकीचे गुण मोजले. आमचे ४६, सगळ्यांच्या मिळून केलेल्या यादीचे ४०, आणि त्या मुलीचे २४. म्हणजे २४ गुणांची अक्कल आमच्याच सतरंजीवर बसलेली होती, आणि बी.कॉम. झालेल्या, वीस वर्षे सभा चालवलेल्या आम्ही तिला हात मोजून गप्प केले होते. आम्ही तिथेच तिची माफी मागितली.

हॉल यांनी १९७१ साली 'सायकॉलॉजी टुडे' मासिकात या खेळाविषयी लिहिले. काही गटांना त्यांनी आधी नियम सांगितले होते : आपलेच खरे करायला भांडू नका. पण केवळ वाद नको म्हणून मान डोलवू नका. मतदान नको, नाणेफेकही नको. सगळे फार लवकर एका मतावर आले, तर संशय घ्या आणि कारण विचारा. हे नियम पाळणाऱ्या गटांचे निर्णय इतरांपेक्षा सरस ठरले.

पुढच्या रविवारी आम्ही चंद्र सोडला आणि पूर घेतला. रात्रीचे दोन वाजलेत, पाणी उंबऱ्याला लागलेय, अर्धा तास हाती आहे. दोर, बॅटरी, शिट्टी, औषधे, पिण्याचे पाणी, कागदपत्रांची पिशवी, टीव्ही, सिलिंडर, काय आधी? या वेळी सर्वांत लहानाने आधी बोलायचे आणि पदाधिकाऱ्यांनी शेवटी, असे ठरले.

मग गोष्टी बाहेर आल्या. वायरिंगचे काम करणारा मुलगा म्हणाला, वस्तूंना हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा, आणि तोही कोरड्या पायांनी. एक भगिनी म्हणाल्या, "आमच्याकडं पाणी नदीकडून येत नाही, मागच्या नाल्यातून उलटं चढतं. तुम्ही दरवेळी पुढच्या तोंडाला उभे राहता." आणि तीच अकरावीतली मुलगी म्हणाली, "काका, या यादीत माणसं कुठं आहेत?"

यादी फाडली. नवीन यादीत आधी माणसे लिहिली : अंथरुणाला खिळलेली, गरोदर, एकटी राहणारी. प्रत्येक नावापुढे दोन नावे, कारण एक जण पाळीवर असला तर दुसरा हवा. सर्वांत वर मावशींचे नाव होते. कपाट आणि टीव्ही सर्वांत खाली.

तो कागद विहाराच्या भिंतीवर आहे आणि दर जूनमध्ये बदलतो. कोणी वारते, कोणी खोली सोडून जाते, कोणा घरी बाळंतपण असते. आता ही बैठक तीच मुलगी घेते. आम्ही शेवटी बोलतो. कधी कधी बोलायला काही उरलेले नसते.

वाचक बंधू-भगिनींनो, याला खर्च काही नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि रविवारचा एक तास पुरे. पुराची भीती नसेल, तर आगीचा किंवा मध्यरात्रीच्या आजारपणाचा प्रसंग घ्या. घरातल्या चार माणसांतही खेळता येईल. फक्त जो नेहमी आधी बोलतो त्याने त्या दिवशी शेवटी बोलावे, आणि घाईने हात मोजू नयेत.