टाके निघाल्यानंतर

१.
बी.एड.च्या वर्गाला विचारलं : अपघातानंतर मेंदूला मार बसलेलं मूल शाळेत परत आलं, तर पहिल्या दिवशी काय कराल? एकीनं लिहिलं, "टाळ्यांच्या गजरात स्वागत." मन चांगलं आहे तिचं. पण अशा कित्येक मुलांना गोंगाट आणि लख्ख उजेड सोसत नाही.

२.
"डोक्यावर पडलास का?" वर्गात हे वाक्य मीही वापरलंय. आता नाही.

३.
आठवीतला एक मुलगा. दुचाकीवरून पडला, दोन महिन्यांनी शाळेत आला. पाढे तीसपर्यंत घडाघडा म्हणतो, पण सकाळी शिकवलेलं दुपारी आठवत नाही. शिक्षक म्हणाले, "पाढे येतात, मग हेच कसं येत नाही? नाटकं आहेत." मार बसण्याआधीचं पाठांतर बऱ्याचदा शाबूत राहतं; अडतं ते नवं साठवणं. हे त्या शिक्षकांना कुणी शिकवलंच नव्हतं. मुलाची आई जुनी वही घेऊन आली होती. "सर, हे अक्षर बघा. आणि हे आताचं."

गणित सहाव्या तासाला होतं. तोवर त्याचं डोकं बाकावर टेकलेलं असायचं. तास पहिला करून घेतला.

४.
सीटी स्कॅन नॉर्मल आलाय, असं वडिलांनी तीनदा सांगितलं. सौम्य माराचं बरंचसं स्कॅनमध्ये दिसत नाही. वर्गात दिसतं.

५.
२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अपघातानं मेंदूला झालेली इजा हा वेगळा प्रकार त्यांत नाही. अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात तो १९९० पासून आहे.

६.
"वही काढा, तारीख घाला, सत्तेचाळिसावं पान उघडा, दुसरं गणित सोडवा." सराव पाठात एका छात्रशिक्षकाचं एका दमातलं वाक्य. चार कामं. दुसऱ्या पाठाला त्यानं ती फळ्यावर एकाखाली एक लिहिली. फायदा सगळ्या वर्गाला झाला.

७.
मेंदूच्या पुढच्या भागाची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून दुसरीत बसलेला मार कधी कधी आठवीत उघड होतो, जेव्हा कामाची आखणी करायची असते, राग आवरायचा असतो. तोवर शाळा बदललेली असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीला रकाना आहे. ती कशानं बदलली, याला नाही.

८.
चार वर्षांवरच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. आज फाटकाशी एक स्कूटर थांबली. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, मुलीच्या डोक्यावर लोकरीची टोपी.

९.
टाळ्यांवाल्या मुलीचं नवं पाठ टाचण तपासलं. 'पूर्वज्ञान' या मथळ्याखाली : "विद्यार्थ्याला कालचा धडा आठवत नसेल, असं धरून सुरुवात करणार आहे."