बर्मिंगहॅमच्या शेडमधलं ‘कोल्हापूर’

रत्नागिरीत माणूस आयुष्यात काय काय विकत घेऊ शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हापूसची कलमं, गावाकडे जमिनीचा एखादा तुकडा, मिरकरवाड्याच्या बंदरात उभा करायला ट्रॉलर. ऐपत आणि हौस दोन्ही असली तर जुनी जीप. रेल्वेचं इंजिन या यादीत कधी आलंच नाही, कारण रेल्वेच आमच्या दारात उशिरा आली. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा देशातली ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं निवृत्त होऊन दोन वर्षं उलटली होती. पानवलच्या 64 मीटर उंच पुलावरून आणि करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून पहिल्यापासून डिझेलच धावलं. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांनी कोळशाचं इंजिन पाहिलं ते मुंबईला, नाहीतर घाट चढून मिरज-कोल्हापूरला. आणि ते सरकारचं असतं, ही गोष्ट इतकी उघड होती की ‘हे कुणाचं?’ असा प्रश्नच कुणाला पडला नाही.

इंग्लंडमध्ये तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा लागतो. एकाच शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या इंजिनांचे मालक वेगळे असतात. एक कुणा विश्वस्त संस्थेचं, दुसरं चार मित्रांचं, तिसरं एका गृहस्थाचं. गृहस्थाचं म्हणजे खरोखरच त्यांच्या नावावर, घर असतं तसं.

बर्मिंगहॅमच्या टायसली भागात ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं जुनं लोकोशेड आहे. आता तिथं जुन्या इंजिनांची दुरुस्ती चालते आणि ठरावीक दिवशी लोकांना आत सोडतात. मधोमध टर्नटेबल, त्याच्याभोवती पंख्यासारखे पसरलेले रूळ, आणि हवेत कोळसा, तेल, ओलं लोखंड यांचा एकत्र वास. तिथल्या एका इंजिनाच्या चाकावरच्या कमानीवर पितळी पाटी आहे, आणि पाटीवर नाव आहे ‘कोल्हापूर’. मी जागच्या जागी थांबलो. चाकं माझ्या डोक्यापेक्षा उंच, सहा फूट नऊ इंच. एवढ्या दूर, धुरानं काळवंडलेल्या विटांच्या त्या शहरात, पंचगंगेकाठच्या गावाचं नाव अंगावर घेऊन हे धूड उभं होतं.

1934 साली ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीनं ते बांधलं. विल्यम स्टॅनियर यांनी आखलेल्या या वर्गात एकूण 191 इंजिनं होती. पंचम जॉर्ज यांच्या कारकिर्दीला 1935 मध्ये 25 वर्षं झाली म्हणून वर्गाला ‘ज्युबिली’ हे नाव पडलं, आणि साम्राज्यातल्या मुलखांची नावं त्यातल्या बऱ्याच इंजिनांना दिली गेली. बॉम्बे, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. ही सगळी इंजिनं इंग्लंड-स्कॉटलंडच्या रुळांवर तीस-तीस वर्षं धावली आणि मग भंगारात गेली. 191 पैकी आज चार शिल्लक आहेत. त्या चारांत आपल्या देशाचं नाव एकाच इंजिनावर आहे, आणि ते कोल्हापूरचं आहे. 1967 च्या उन्हाळ्यात ते लीड्सच्या शेडमधून शेवटच्या फेऱ्या मारत होतं, ऑक्टोबरात सेवेतून निघालं. ब्रिटिश रेल्वेनं वाफ पूर्ण बंद केली ती पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1968 मध्ये. त्या धामधुमीत भट्टीत वितळायचं ते टळलं, कारण टायसलीत पॅट्रिक व्हाइटहाउस आणि त्यांच्या सोबत्यांनी इंजिनं विकत घ्यायला सुरुवात केली होती. ‘क्लन कॅसल’ नावाचं मोठं इंजिन त्यांनी 1966 मध्येच घेतलं होतं. सरकारनं टाकून दिलेलं लोखंड चार माणसं आपल्या खिशातून सोडवतात, ते उभं करायला शेड धरतात, आणि दोन पिढ्यांनंतरही ते तिथंच असतं. एवढी वर्षं टिकणारी हौस मी दुसरी पाहिलेली नाही.

अशा हौसेची किंमत काय पडते, ते ॲलन पेग्लर यांच्या गोष्टीवरून कळतं. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जगातलं बहुधा सर्वांत नावाजलेलं इंजिन, 1923 सालचं. 1934 मध्ये ताशी 100 मैलांचा वेग अधिकृतपणे गाठणारं ते पहिलं वाफेचं इंजिन ठरलं. 1963 मध्ये ते भंगारात निघालं. पेग्लर यांनी 3000 पौंड मोजून ते घेतलं आणि मुख्य मार्गावर चालवण्याची परवानगीही करारात लिहून घेतली. देशभर वाफ बंद झाल्यावर काही काळ सगळ्या ब्रिटिश रेल्वेवर कोळशाचं एकच इंजिन धावत होतं, आणि ते एका खाजगी माणसाचं होतं. 1969 मध्ये ते इंजिन घेऊन पेग्लर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. खर्च हाताबाहेर गेला. 1972 मध्ये त्यांचं दिवाळं निघालं आणि इंजिन सॅन फ्रान्सिस्कोत अडकून पडलं. मायदेशी परतायला पैसे नव्हते, तेव्हा प्रवासी जहाजावर लोकांची करमणूक करत त्यांनी आपला प्रवास भागवला. इंजिन सोडवलं ते विल्यम मॅकाल्पाइन यांनी, 1973 मध्ये. पनामा कालव्यातून ते जहाजानं लिव्हरपूलला आलं. घरचा रबराचा कारखाना होता, त्यातला हिस्सा विकून आलेले पैसे पेग्लर यांनी या इंजिनात घातले आणि सगळं गमावलं. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. ते इंजिन आज राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचं आहे. 1963 च्या त्या 3000 पौंडांशिवाय संग्रहालयाला घ्यायला काही उरलंच नसतं.

पेग्लर पैसेवाले होते. साध्या माणसांची गोष्ट वेल्समधल्या बॅरी बंदराशी घडली. तिथल्या डाय वुडहॅम यांच्या भंगारवखारीनं 297 इंजिनं घेतली होती. जुने वाघिणीचे डबे फोडायला सोपे, म्हणून वखारीनं आधी ते फोडले आणि इंजिनं मागे राहिली. मागे राहिली ती वर्षानुवर्षं, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. खारा वारा लोखंडाचं काय करतो हे मला रत्नागिरीच्या माणसाला कुणी सांगायला नको. आमच्याकडे खिडकीचे गज दहा वर्षांत हातात येतात. त्या गंजक्या रांगांमध्ये शिक्षक, फिटर, कारकून, कॉलेजची पोरं येऊन उभी राहायची, एखादं इंजिन निवडायची, त्याच्यावर रंगानं ‘राखीव’ असं लिहायची, आणि पैसे गोळा करायला घरी जायची. वुडहॅम थांबायचे. पहिलं इंजिन 1968 मध्ये बाहेर पडलं, शेवटचं 1990 मध्ये. 297 पैकी 213 सुटली. एका भंगारवाल्याच्या सबुरीवर एका देशाचा अर्धा वारसा तगला, आणि तो सोडवला मासिक पगारावर जगणाऱ्या माणसांनी.

विकत घेणं हा मात्र खर्चाचा लहानसा भाग. टायसलीत त्या दिवशी एका छोट्या इंजिनाला आग घालायची तयारी चालली होती. काम करणारे गृहस्थ शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, हाताखाली विशीतली एक मुलगी. त्यांनी आधी काचेच्या नळीत पाणी दिसतंय का ते पाहिलं. पाणी दिसल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा पहिला धडा. मग जाळीवर कोळशाचा पातळ थर, त्यावर लाकडाच्या ढलप्या, आणि फावड्यावर पेटवलेल्या तेलकट चिंध्या आत सरकवल्या. ज्वाळा धरल्या, पण घाई नाही. थंड बॉयलर झपाट्यानं तापवला तर पत्रे आणि नळ्या कमी-जास्त फुगतात आणि सांधे गळायला लागतात. म्हणून मोठ्या इंजिनाला आदल्या दिवसापासून मंद आग लागते. दाबाच्या काट्यानं जागा सोडायला कित्येक तास गेले. तोवर ती मुलगी चाकांच्या मधल्या फटीत शिरून तेलाच्या वाट्या भरत होती. एकेक बूच काढायची, तेल ओतायची, बूच परत दाबायची. एखादं बूच राहिलं तर ते तेल रुळावर जातं आणि बेअरिंग जळतं, असं तिनं सांगितलं. कोपरापर्यंत काळी झालेली, आणि तिला कुणी एक पैसा देत नव्हतं.

बॉयलरचा दाखला दहा वर्षांचा मिळतो. मुदत संपली की इंजिन पार उघडायचं, चौकट, चाकं, बॉयलर सगळं वेगळं करायचं. भट्टीच्या पत्र्यांना धरून ठेवणारे शेकडो बोल्ट असतात. तपासनीस छोट्या हातोडीनं एकेक बोल्ट ठोकून ऐकतो. खणखणला तर शाबूत, बद्द वाजला तर तुटलेला. पावसाळ्याआधी वर ओढलेल्या होडीची फळी न् फळी ठोकून पाहणारा आमचा सुतारही असाच कान देऊन काम करतो. एवढी सगळी दुरुस्ती लाखो पौंडांची. आता तर कोळसाही महाग, कारण ज्या देशानं जगाला कोळशावर चालायला शिकवलं तिथल्या खाणी बंद पडल्या आणि ही इंजिनं परदेशी कोळशावर चालतात. म्हणून मुदत संपलेली बरीच इंजिनं थंड उभी असतात, आपली पाळी यायची वाट बघत. ‘कोल्हापूर’ही थंडच होतं.

इतकं असून ही माणसं जुनी राखूनही थांबली नाहीत. ‘ए-1’ वर्गाची 49 इंजिनं सगळीच्या सगळी मोडीत गेली होती. 1990 मध्ये काही जणांनी ठरवलं, पन्नासावं आपण बांधू. आठवड्याला सव्वा पौंड, म्हणजे बिअरच्या एका ग्लासाएवढे पैसे देणारे हजारो लोक जमवले. बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेनला झाला, जोडणी डार्लिंग्टनला. 18 वर्षं आणि सुमारे 30 लाख पौंड खर्चून 2008 मध्ये ‘टोर्नाडो’ स्वतःच्या वाफेवर हललं. कोकण रेल्वेच्या रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या घरांना ही पद्धत परकी वाटायची नाही.

आणि एकट्याच्या स्वप्नाचा कळस म्हणजे चिल्टर्न रेल्वेचे प्रमुख ॲड्रियन शूटर. दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेचं 1889 सालचं एक इंजिन 1962 मध्ये अमेरिकेत विकलं गेलं होतं. शूटर यांनी ते तिथून विकत आणलं आणि ऑक्सफर्डशायरमधल्या आपल्या घराच्या बागेत त्याच्यासाठी रूळ घातले. हिमालयात चढलेलं इंजिन इंग्रजी हिरवळीवर शिट्टी देत फिरायचं. शूटर 2022 मध्ये वारले, इंजिन नव्या हातांत गेलं.

हे सगळं पाहताना आपल्याकडची माणसं आठवत राहतात, कारण आपल्याकडेही इंजिनाचे धनी होऊन गेले. माथेरानची रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशांवर बांधली. 1907 मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिची जर्मन बनावटीची चारही इंजिनं एका मुंबईकर कुटुंबाची होती. त्यांतलं एक पुढे ब्रिटनमध्येच जाऊन पोचलं. विदर्भातली ‘शकुंतला’, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीच्या मालकीची राहिली, आणि 1921 साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत राबलं. पुढे आपण काय केलं? काही इंजिनं स्टेशनांसमोर आणि कचेऱ्यांसमोर चौथऱ्यावर चढवली, रंग दिला, बाकीची बहुतेक वितळवली. चौथऱ्यावरचं इंजिन सगळ्यांचं असतं, म्हणून त्याच्या तेलाच्या वाट्यांत तेल घालायला कुणी येत नाही. लिलावाची दारं भंगारवाल्यांइतकीच इंजिनवेड्या माणसांनाही उघडी असती, तर सोलापूर-भुसावळच्या निवृत्त फायरमननी मिळून एखादं तरी जिवंत ठेवलं असतं, अशी माझी खात्री आहे.

टायसलीतल्या त्या भूगोलाच्या मास्तरांना मात्र दुसरंच विचारायचं होतं. कित्येक वर्षं त्यांनी ती पितळी पाटी घासली होती. कोल्हापूर म्हणजे डोंगर, नदी की राजा, हे त्यांना सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. मी सांगितलं, शहर आहे, संस्थानची राजधानी होती. आणि तिथल्या दरबारची स्वतःची रेल्वे होती, मिरजेपर्यंत सुमारे 48 किलोमीटर. 1888 मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते तिचा पाया घातला, महाराज तेव्हा अवघे तेरा-चौदा वर्षांचे. 1891 मध्ये गाडी सुरू झाली. मास्तरांनी खिशातून वही काढली.

“अजून चालते?”

“चालते. स्टेशनला आता छत्रपती शाहू महाराज टर्मिनस म्हणतात. वर विजेच्या तारा आल्या आहेत.”

“आणि तुमच्या गावाहून तिथं रेल्वेनं किती वेळ लागतो?”

रेल्वे नाही, मी म्हणालो. मध्ये सह्याद्री आहे. वैभववाडीहून कोल्हापूरला रूळ नेण्याची योजना आहे, पण गाडी धावायला लागलेली नाही. तोवर रत्नागिरीहून आंबा घाटातून एसटी. त्यांनी ‘आंबा घाट, बस’ असं लिहून खाली रेघ ओढली आणि कोणत्या महिन्यात यावं ते विचारलं. घाट पाहायचा असेल तर पाऊस संपता संपता, ऑक्टोबरात, मी सांगितलं, आणि आमच्याकडेच उतरा.