बारा मिलिमीटर

बीएमडब्ल्यूची ई-४६ पिढीतली एम-३ मागून बघावी. चाकं मडगार्डच्या काठाला येऊन ठाकलेली, गाडी आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखी. तीच पुढून बघितली की चाकं कमानीत जरा आत शिरलेली वाटतात. २००० साली ही गाडी आली तेव्हापासून मालकांना हे खुपतंय आणि त्या खुपण्यावर बऱ्याच जणांचं पोट चाललंय. इलाज म्हणजे हब आणि चाक यांच्या मधे बसणारी ॲल्युमिनिअमची चकती, स्पेसर. पुढे बहुतेक जण १० किंवा १२ मिलिमीटरची घालतात.

*

ईटी म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिमचं हबला टेकणारं तोंड यांतलं अंतर. आकडा मोठा, तेवढं चाक आत. या गाडीच्या अठरा इंची चाकांत पुढचं रिम ८ इंच रुंद, ईटी ४७. मागचं ९ इंच, ईटी २६. पुढे १२ ची चकती घातली की ४७ चे ३५ होतात. दोन्ही बाजू मिळून चाकांमधलं अंतर २४ ने वाढतं. स्पेसर करतो ते एवढंच.

४७ आणि २६ शेजारीशेजारी मांडून ‘बघा, कंपनीनं पुढची चाकं २१ मिलिमीटर आत ओढली’ असं सांगणारे भेटतात. तसं नाही. पुढचा हब मुळातच जास्त बाहेर आहे. जमिनीवर मोजलं तर पुढच्या दोन टायरांच्या मध्यांत १५०८ मिलिमीटर, मागच्यांत १५२५. म्हणजे एका बाजूला फरक जेमतेम साडेआठचा. डोळ्याला जास्त दिसतो, कारण मागचं टायर २५५ चं आहे, पुढचं २२५ चं, आणि मडगार्ड मात्र पुढेही ऐसपैस फुगवलेलं.

*

‘स्पेसर घातल्यापासून वळणावर काय चिकटते गाडी!’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. वळणावर आतल्या चाकावरचं वजन बाहेरच्याकडे सरकतं. किती सरकेल ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि चाकांमधल्या अंतरावर ठरतं. १५०८ मधे २४ मिळवा, १.६ टक्के झाले. पुढच्या बाजूला सरकणारं वजन कमी होतं ते साधारण तेवढंच. टायरमधली हवा दोन पौंड इकडेतिकडे केली तर याहून जास्त कळेल.

खरं बदलतं ते स्टीअरिंग. चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला एका ठिकाणी टेकतो. टायरचा मध्य टेकतो दुसऱ्या ठिकाणी. या दोहोंतलं अंतर चकतीच्या जाडीएवढं बदलतं. मग एक चाक ओल्यावर, एक कोरड्यावर असताना ब्रेक दाबला की स्टीअरिंग हात ओढतं. ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिसल्या की गाडी त्यांच्या नादी लागते. काही मालक यालाच ‘रस्त्याचा फील’ म्हणतात. म्हणोत बापडे.

शिवाय बेअरिंगवर पडणारा जोर थोडा बाहेर सरकतो आणि स्प्रिंग किंचित मऊ पडल्यासारखी होते. १२ मिलिमीटरला यांची फार चिंता करू नये. २५-३० ला करावी.

*

मामा आयुष्यभर भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर. फोनवर विषय निघाला.

‘अरे, चाक बोल्टांवर लटकलेलं असतं असं वाटतं का तुला?’

‘नाही मामा, हबच्या ओठावर बसतं ना?’

‘ओठ फक्त सेंटर धरतो रे. वजन पेलतं ते घर्षण. बोल्ट दाबतात, म्हणून दोन तोंडं एकमेकांना पकडून राहतात. तू मधे चकती घातलीस, दोन तोंडांची चार झाली. आता चारही साफ पाहिजेत. एकावर गंजाचा पापुद्रा ठेव आणि डायल लावून बघ, काटा कसा नाचतो.’

मामांनी एम-३ बघितलेली नाही आणि बघायची त्यांना फारशी इच्छाही नाही. पण स्पेसरच्या नावानं जेवढ्या तक्रारी कानावर येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या चार तोंडांत किंवा बोल्टांत निघतं. चकती बिचारी नुसती मधे असते.

*

इथे जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. पोलादी हब, ॲल्युमिनिअमची चकती आणि मधे खारं पाणी. ॲल्युमिनिअमवर पांढरी भुकटी धरते. वसंतात टायर बदलायला चाक उतरवलं की चकती हबला घट्ट चिकटलेली. रबरी हातोडीनं कडेकडेनं, थोडं थोडं फिरवत ठोकत जायचं. बराच वेळ काहीच होत नाही, ठोका टणटणीत वाजतो. मग एका जागी आवाज बदलतो, बद्द येतो, आणि तिथून चकती सुटायला लागते. घाई करून फटीत स्क्रूड्रायव्हर घातला की तोंडावर ओरखडा उठतो. त्याची उंचवट्याची कड पुढे प्रत्येक वेळी चाकाखाली येते. सुटल्यावर तारेचा ब्रश, हबच्या ओठाच्या मुळाशी जरा जास्तच. गंज तिथल्या खाचेत लपतो.

*

हबच्या ओठाचा व्यास ७२.६ मिलिमीटर. बीएमडब्ल्यूच्याच ५ सिरीजमधल्या ई-३९ गाडीची चाकं स्वस्तात मिळतात, पाच भोकं, त्याच १२० च्या वर्तुळावर. बसतात. फक्त मधलं भोक ७४.१ चं. दीड मिलिमीटर ढिलाई. मधे रिंग घातली नाही तर ताशी ११०-१२० ला स्टीअरिंग थरथरतं, आणि मालक टायरवाल्याकडे बॅलन्सिंगला चकरा मारत राहतो. मशीनवर चाक दर वेळी अगदी ठीक दाखवतं. दाखवणारच, मशीन ते मधल्या भोकात धरतं, गाडी धरत नाही.

स्पेसरच्या जाडीचंही असंच. ५ ची चकती पातळ, तिला स्वतःचा ओठ नसतो. हबचा उरलेला ओठ चाकाला पुरतो. १५ च्या चकतीवर नवा ओठ कोरता येतो. ८-१० च्या आसपास बनवणाऱ्याची कसरत होते: जुना ओठ बराचसा गिळलेला, नव्याला जाडी अपुरी. घेताना तिथे बोट फिरवून बघावं.

*

‘स्पेसर म्हणजे गल्लीतला उद्योग’ असं म्हणणाऱ्यांसाठी: पोर्शेनं ९९७ पिढीच्या ९११ ला ५ मिलिमीटरची चकती, लांब बोल्टांसकट, स्वतःच पर्याय म्हणून दिली होती.

*

बोल्ट. या गाडीत स्टड नाहीत, बोल्ट थेट हबमधे जातात: एम-१२, आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर. १२ ची चकती तर बोल्टही १२ नं लांब. जुनेच बोल्ट वापरले तर चाक बसतं, घट्टही लागतं, पण पकड तीन-चार आट्यांवर आलेली असते. इथल्या प्रमाणपत्रांत एम-१२ साठी किमान साडेसहा फेरे लिहिलेले असतात. बोल्ट हातानं लावायचा आणि मोजायचं. बीएमडब्ल्यूच्या बोल्टाचं डोकं शंकूचं, पोर्शे आणि फोक्सवागनचं गोलाईचं. एकाचा दुसऱ्यात घातला तर टेकतो फक्त एका बारीक कडेवर; टॉर्क रेंच ‘टक्’ म्हणतं आणि आपण निश्चिंत होतो. १२० न्यूटन-मीटर. नंतर ५०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा. हवेच्या गननं कर्रकर्र आवळून देणाऱ्यापुढे हे बोलायला जीभ रेटत नाही, तरी बोलावं.

उलटी गोष्ट जास्त वाईट. चकती काढली आणि लांब बोल्ट तसेच लावले तर? या गाडीचा हॅण्डब्रेक मागच्या डिस्कच्या पोटात आहे, छोटा ड्रम आणि शू. जास्त लांब बोल्ट सरळ त्या यंत्रणेत घुसतो.

*

टीयूव्हीचा, म्हणजे इथल्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा, तपासनीस. गाडीचं पुढचं एक चाक आणि तिरपं मागचं एक चाक उंच ठोकळ्यांवर चढवतो, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबतं. मग स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकाला. बॅटरी लावून आतल्या प्लास्टिकवर घासल्याची खूण शोधतो. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश, एवढ्या टापूत टायर मडगार्डखाली झाकलेलं हवं. सगळं जमलं तर शिक्का, आणि गाडीच्या कागदांत नोंद. नोंद न करता फिरलात तर गाडीचा चालवण्याचा परवानाच रद्द समजला जाऊ शकतो. पुढे विमा कंपनीशी काय बोलायचं ते तुम्ही बघा.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानं मूळ बनावटीशी न जुळणाऱ्या बदलांबाबत कडक निकाल दिलाय. पण चकतीगणिक प्रमाणपत्र, फेरे मोजणं, ठोकळ्यांवर चढवणं हे रुळलेलं नाही. पुण्यात थारची चाकं बाहेर काढून मिरवणाऱ्यांना कुणी आटे मोजायला सांगत नाही.

*

एक-दोन मिलिमीटरच्या स्पेसरवरून तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना टायरचं कुणी सांगत नाही. छापील रुंदीपेक्षा ४ टक्के जास्त रुंदी युरोपीय नियमाला चालते. २५५ वर हे १० मिलिमीटर होतात, म्हणजे एका बाजूला ५. कंपनी बदलली, टायर घासायला लागलं, दोष स्पेसरला! त्यात रिमची रुंदी अर्धा इंच वाढली की तेच टायर सुमारे ५ मिलिमीटरनं फुगतं. आणि कॅम्बर: चाक एक अंश आत झुकवलं की टायरचा माथा मध्याच्या मानानं जवळजवळ ६ मिलिमीटर आत जातो. मडगार्डची कड तापवून मुडपण्याआधी अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन यावं.

*

ट्रॅकवर जाणाऱ्यांना पुढेही २५५ चं टायर हवं असतं, कारण कंपनीच्या मापांत ही गाडी वळणावर नाक बाहेर काढते. मागचंच चाक पुढे लावू? ९ इंच आणि ईटी २६ म्हणजे बाहेरची कड मूळच्यापेक्षा ३४ मिलिमीटर पुढे. मडगार्डच्या बाहेर. म्हणून ईटी जास्त असलेलं रुंद रिम घ्यावं लागतं. मग ते आत शॉकॲब्सॉर्बरच्या नळीला टेकू बघतं, आणि तिथे ३ किंवा ५ ची पातळ चकती सुटका करते. मला स्पेसरचा हा उपयोग सर्वांत प्रामाणिक वाटतो.

खुद्द बीएमडब्ल्यूनं २००३ साली एम-३ सीएसएल काढली तेव्हा पुढे २३५ चं टायर दिलं, साडेआठ इंची रिमवर. पुढची पकड हवी होती, तर टायर रुंद केलं.

*

जुनी एम-३ बघायला जाल तेव्हा इंजिनचे आवाज आणि मागच्या सबफ्रेमजवळच्या भेगा सगळेच बघतात. चाकांत चकत्या दिसल्या तर मूळ आखूड बोल्ट मागा आणि नोंदीचा कागद मागा. या गाडीत स्टेपनी नसते. रस्त्यात चाक गेलं आणि कुणी मदतीला साधं चाक आणून दिलं, तर चकती काढावी लागेल आणि त्या वेळी हाताशी आखूड बोल्टच हवेत. विकणारा ‘गॅरेजमधे कुठेतरी असतील’ म्हणाला तर वीस नव्या बोल्टांचे पैसे किमतीतून कापून घ्या.