बारा फुटांची सोबत

गळाची काठी नेणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. आमच्या लहानपणी मालवणकडे काठी म्हणजे माणग्याची, अखंड, दहा-बारा फूट लांब. माणगा हा जवळजवळ भरीव बांबू, सरळ वाढणारा, बिनकाट्याचा. तांबोशासारख्या माशाने ओढ घेतली की त्याची कमान व्हायची, पण तो सहसा मोडत नसे. मात्र ही काठी ना दारातून नीट आत यायची, ना पाणंदीच्या वळणावर नीट वळायची. एकाने बुंधा धरायचा, दुसऱ्याने शेंडा, आणि प्रत्येक वळणाला पुढच्याने मागच्याला ओरडून सांगायचं.

आता काठी कार्बनची. दोन तुकड्यांची, नाहीतर एकात एक सरकून हातभर होणारी. गाडीच्या डिकीत आडवी टाकली की झालं.

तेव्हा काठीची जागा वाशांखाली. सुंभाचे दोन फास, एक बुंध्याकडे, एक शेंड्याच्या अलीकडे, आणि त्यांत काठी आडवी. भिंतीला टेकवून उभी ठेवली तर पावसाळाभरात ती स्वतःच्याच वजनाने वाकायची, आणि वाकलेला बांबू विस्तवावर शेकून सरळ करण्यात अर्धा दिवस जायचा. चुलीचा धूर लागायचा, म्हणून कीडही फारशी लागत नसे. सुट्टीत काठी खाली उतरायची तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस तिला हात लावायचं. आजी फडक्यावर खोबरेल घालून द्यायची. काका डोळे मिटून पेरापेरावरून अंगठा फिरवायचे. डोळ्याला न दिसणारी चीर अंगठ्याला लागते, असं ते म्हणायचे, आणि ती खरोखरच लागायची. मग शेंड्याला तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, बांधायचा. ती गाठ मात्र ज्याची त्यानेच मारायची.

आजच्या काठीला धूर नको, तेल नको, पण तिचीही निगा आहेच. खाऱ्या पाण्यातून आली की गोड्या पाण्याने धुवायची, पुरती वाळली की मगच पिशवीत घालायची. नाहीतर कड्यांना गंज आणि मुठीच्या बुचाला बुरशी. रिळाचा ड्रॅग सैल करून ठेवायचा. मे महिन्यात बंद गाडीत उन्हात ठेवायची नाही, कड्यांचा चिकटा सुटतो. दोन काठ्या उघड्या एकत्र ठेवल्या तर एकीची कडी दुसरीवर घासते, कार्बनला बारीकसा टवका उडतो, आणि नेमका मोठा मासा लागला की काठी तिथेच तुटते. गाडीचं दार लावतानाही शेंडा आत आहे ना, हे पाहावं लागतं. मासेमारी करणाऱ्या कुणालाही विचारा, माशाने मोडलेल्या काठ्यांपेक्षा दारात चिरडलेल्या काठ्यांच्या कहाण्या जास्त निघतील. ही सगळी काळजी एकट्याने घेता येते. सोय आहे ती हीच.

दुसऱ्या गावच्या खाडीवर जायचं तर तेव्हा एसटी. एक जण टपावर, एक शिडीवर, एक खाली. काठी कॅरिअरला सुतळीने बांधायची आणि मागे डोकावणाऱ्या टोकाला लाल फडकं लावायचं. कंडक्टर आधी कुरकुरायचा आणि मग स्वतःच विचारायचा, "गळ काढलंस मां रे?" हे विचारावंच लागायचं. तंगुसाला गळ तसाच राहिल्यामुळे फाटलेली लुगडी आणि पोरांच्या तळव्यात रुतलेले गळ आम्ही पाहिले आहेत. रस्त्यावर ओणवलेल्या आंब्याच्या फांदीत अडकून शेंडा मोडायचा, आणि उतरल्यावर ते कळायचं. त्या प्रवासात छान वाटावं असं फार थोडं होतं.

पण काठी सगळ्यांना दिसायची. थांब्यावर अनोळखी म्हातारासुद्धा विचारायचा, "खंय चललास?" कर्लीच्या खाडीवर, म्हटलं की पुढचं न विचारताच सांगायचा, "भरतीक जा, सुंगटां जिती लाव, चोणक लागतलो." परतताना तोच, नाहीतर दुसरा कुणी, "काय गावलां?" म्हणून पिशवीत डोकवायचा.

पुढे 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि आखातातल्या मामांनी आणलेल्या दोन तुकड्यांच्या फायबरच्या काठ्या बाकाखाली मावू लागल्या. मग घरोघर गाड्या आल्या. आता हायवेवर आमच्या पुढच्या गाडीतला माणूसही खाडीवरच चालला असेल, पण ते ना त्याला कळतं, ना आम्हाला. कुठे कुठला मासा लागतोय, हे फोनवर क्षणात समजतं. थांब्यावरच्या म्हाताऱ्याच्या माहितीपेक्षा ती बहुधा खात्रीचीही असते, हे मान्य करायला हवं.

आज दहा-बारा वर्षांची पोरगी शाळेच्या दप्तरात मावणारी काठी घेऊन सायकलवरून एकटीच खाडीवर जाऊ शकते. तिला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. आम्हाला लागायची, दादा रिकामा नसला तर दिवस फुकट जायचा, आणि बहिणींना तर कुणी विचारतही नसे. तिची मोकळीक आम्हाला मनापासून हवी होती. पण शेंडा धरून मागून चालणारा तो दादाच पुलापलीकडे ओहोटीला गाळ कुठे कमरेपर्यंत ओढतो, ते दाखवायचा, आणि पाणी फिरलं की आम्हाला हाका मारून वर काढायचा.