थांबलेल्या वेळेचा हिशेब

इंटरनेटवरची कोंडी टाळणाऱ्या क्यूबिक नावाच्या कोडमधला एक बग कुणाचंही मशीन बंद पाडत नव्हता. स्क्रीनवर लाल अक्षरं नाहीत, लॉगमध्ये तक्रार नाही. उलट ज्याच्या सर्व्हरवर तो होता, त्याला घटकाभर डेटा जरा जोरातच जाताना दिसला असता. त्रास व्हायचा तो वाटेतल्या राउटरला आणि त्याच राउटरमधून चाललेल्या भलत्याच माणसाच्या व्हिडिओ कॉलला. तो बिचारा शिव्या घालणार आपल्या वायफायला. लिनक्सच्या कर्नलमध्ये हा बग वर्षानुवर्षं सुखाने नांदला, त्याचं कारण हेच असावं.

कोंडी टाळणाऱ्या कोडचं कामच मुळात परक्यांची सोय बघण्याचं. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली लॅब आणि तिथलं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधल्या ४०० यार्डांच्या वाटेवर डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. मशीनं पॅकेटं पुन्हापुन्हा पाठवत होती आणि त्यामुळेच वाट आणखी तुंबत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी १९८८ मध्ये त्यावर तोडगा मांडला. पोच न मिळालेली किती पॅकेटं एका वेळी वाटेत असू द्यायची याची मर्यादा, म्हणजे विंडो, पाठवणाऱ्यानेच सांभाळायची. पोच येत राहिली की ती हळूहळू वाढवायची, पॅकेट हरवलं की झटक्यात आवरायची. आता ‘हळूहळू’ म्हणजे नेमकं किती, यावर पुढे कित्येकांची उमेदीची वर्षं खर्ची पडली.

क्यूबिक हे त्यावरचं एक उत्तर. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालेलं. २००६ पासून लिनक्सवर कुणी मुद्दाम दुसरं काही निवडलं नाही तर हेच चालतं. त्याची खुबी अशी की, विंडो किती वाढवायची हे मागचं पॅकेट हरवल्यापासून किती वेळ गेला, यावरून ठरतं. वाढीची वक्ररेषा वेळेच्या घनावर बेतलेली. आधी भरभर चढायचं, मागच्या वेळी जिथे मार खाल्ला त्या आकड्याजवळ आलं की दबकत चालायचं, आणि तिथेही काही बिघडलं नाही तर पुन्हा वेग घ्यायचा.

आकडे घालून पाहिलं तर बग समोर दिसतो. समजा, पॅकेट हरवलं तेव्हा विंडो १०० पॅकेटांची होती. क्यूबिक ती ७० वर आणतं आणि नेहमीच्या स्थिरांकांनुसार पुन्हा १०० वर जायला साधारण ४.२ सेकंद घेतं. चौथ्या सेकंदाला वापरणारा काहीतरी वाचत बसला. तीस सेकंद एकही पॅकेट गेलं नाही. मग त्याने पुढचं बटण दाबलं. क्यूबिकच्या लेखी आता पॅकेट हरवल्याला ३४ सेकंद झालेले. त्यातून ते ४.२ वजा करून घन केला, ०.४ ने गुणलं, १०० मिळवले, की विंडोचं लक्ष्य निघतं १० हजार ६०० पॅकेटांच्याही वर! त्या अर्ध्या मिनिटात वाटेबद्दल कणभरही नवी माहिती मिळालेली नाही. गिऱ्हाईक चहाला उतरलंय, रिक्षा जागेवर उभी आहे, आणि मीटर किलोमीटर मोजतंय, असला हा प्रकार.

कोडमध्ये एक ब्रेक होता. लक्ष्य कितीही वर गेलं तरी दर दोन पोचांमागे विंडो एकाच पॅकेटने वाढे. पण हा ब्रेकही तसा नावापुरताच, कारण तसं केलं तरी एका फेरीत, म्हणजे पॅकेट जाऊन पोच परत येईपर्यंत, विंडो दीडपट होते. फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील आणि मध्ये काही हरवलं नाही, तर अर्ध्या सेकंदात १०० चे साडेसातशेच्या वर.

याहून मोठी ढाल वेगळीच होती. कनेक्शन काही काळ निवांत राहिलं की विंडो पुन्हा छोट्या आकड्यापासून सुरू करायची, अशी सोय लिनक्समध्ये मुळातच चालू असते. पण वेब सर्व्हर चपळ करायचा तर ती बंद करा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि पाळलाही जातो. ती बंद केली की बगला मैदान मोकळं.

२०१५ मध्ये गूगलमधल्या जना अय्यंगार यांच्या हे लक्षात आलं. त्यांनी सुचवलेला पहिला उपाय कुणालाही सुचेल असाच होता: ॲप थांबलं की घड्याळ शून्यावर आणा. त्यांचे सहकारी नील कार्डवेल यांनी त्यातली खोच दाखवली. शून्य केलं की क्यूबिक नवी वक्ररेषा आखणार, आणि नव्या वक्ररेषेची सुरुवात नेहमी खड्या चढाची. म्हणजे आकड्याजवळ दबकत आलेलं कनेक्शन नुसतं थांबून निघालं तरी पुन्हा उड्या मारत सुटणार. हवं होतं ते इतकंच की वक्ररेषा तीच राहावी आणि जितका वेळ निवांत गेला तितकी पुढे सरकावी. एरिक ड्युमाझे यांच्या नावाने गेलेल्या पॅचमध्ये मोजक्या ओळींत तेवढंच केलं: आताच्या वेळेतून शेवटचं पॅकेट पाठवल्याची वेळ वजा करा आणि येईल ती बाकी घड्याळाच्या आरंभात मिळवा.

इथे गोष्ट संपती तर बरं झालं असतं. पण घड्याळाचा आरंभ नोंदला जातो पोच आल्यावर, आणि निवांत वेळ मोजला गेला पॅकेट पाठवल्यापासून. पॅकेट गेलं १०००व्या मिलिसेकंदाला. पोच आली ११००व्याला, आरंभ तोच धरला. पुढचं पॅकेट ३०००व्याला. निवांत वेळ निघाला २०००, तो ११०० मध्ये मिळवला की ३१००. आरंभ भविष्यात! गेलेला वेळ उणे आला आणि उणे आकडा चिन्ह नसलेल्या खान्यात पडला, की तो अवाढव्य अधिक होतो. म्हणजे दुरुस्तीच्या पोटातून पुन्हा तोच आजार. कार्डवेल यांनी पॅकेटड्रिल या चाचणीच्या साधनावर लिहिलेली एक टेस्ट कधी पास व्हायची, कधी फेल. अशा टेस्टला ‘पुन्हा चालव, होईल’ म्हणून सोडून देण्याचा मोह या धंद्यात सगळ्यांनाच होतो. इथे तिचा माग काढला गेला, आणि २०१५च्याच सप्टेंबरात दुसरा पॅच आला: आरंभ ‘आता’च्या पुढे जात असेल तर ‘आता’वरच थांबवा.

अगदी काटेकोर दुरुस्तीसाठी प्रत्येक कनेक्शनमागे आणखी एक आकडा साठवावा लागला असता. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातही न आलेल्या बगसाठी तेवढा खटाटोप परवडत नाही, असं दुसरा पॅच लिहिणाऱ्यांनी त्यासोबतच लिहून ठेवलं. हे लिहून ठेवणं पॅचइतकंच मोलाचं. पुढच्या माणसाला कळतं की इथली ढिलाई नजरचुकीची नाही, हिशेबाने ठेवलेली आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये क्यूबिकचं वर्णन आरएफसी ८३१२ या इंटरनेट-दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झालं, तेव्हा पाठवायला काही नसलेला लांबलचक काळ ‘टी’मध्ये, म्हणजे सूत्रातल्या गेलेल्या वेळेत, धरायचा नाही, असं त्यात बजावून सांगितलं गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये आरएफसी ९४३८ ने त्याची जागा घेतली. क्यूबिक आता कर्नलबाहेरही, वेगवेगळ्या भाषांत, नव्याने लिहिलं जातं. ते लिहायला बसणाऱ्याने पहिला पॅच उतरवून घेताना दुसराही शोधून वाचावा, आणि मध्येच थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या कनेक्शनची एक टेस्ट पहिल्याच दिवशी लिहावी.